कागदाची मागची बाजू

भाईजानच्या आजारपणाची फाईल माझ्याकडे असते. 2013 मध्ये त्यांच्या मानेतली गाठ लिम्फोमाची निघाली, तेव्हा ती आपोआप माझ्या कपाटात आली. घरात बी.एड. झालेली मीच, मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणारी मीच, शाळेत हजेरीपटापासून दाखल्यांपर्यंत सगळे कागद सांभाळायची सवय असलेलीही मीच. भाभी म्हणाल्या, "तुझ्याकडे राहू दे, इथे पावसात भिजेल."

त्या फाईलमध्ये एक पिवळा कागद आहे. एप्रिल 2018 मध्ये इस्पितळातून सुट्टी देताना दिलेला. पुढच्या बाजूला बारा सूचना आहेत: वेगळं अंथरूण, वेगळी भांडी, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून दूर, भरपूर पाणी, संडासात दोनदा फ्लश, कपडे वेगळे धुवायचे, वगैरे. मागच्या बाजूला दोनच ओळी आहेत. बारा आठवडे दर आठवड्याला रक्ताची तपासणी करायची, आणि सहा महिन्यांनी थायरॉइडची.

पुढची बाजू आमच्या घरात अम्मीपासून शेजारच्या पोरांपर्यंत सगळ्यांना पाठ होती. मागची कुणालाच नव्हती, फाईल सांभाळणाऱ्या मलाही नाही.

भाईजान टेलर आहेत. नालासोपारा पश्चिमेला दुकान, तीन मशीन, ईदच्या आधी दोन पोरं जास्तीची. त्यांचा लिम्फोमा 'फॉलिक्युलर' प्रकारचा, म्हणजे हळूहळू वाढणारा. हे ऐकून आम्हाला बरं वाटलं होतं. डॉक्टरबाईंनी मात्र तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की हा आजार औषधाने दबतो, पण काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढायची त्याला सवय आहे. 2013 मध्ये केमोसोबत रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन मिळालं. ते भारतीय कंपनीचं होतं म्हणून परवडलं. 2007 पासून ते आपल्याकडे बनतं. गाठी विरघळल्या. 2017 च्या अखेरीस काखेत आणि पोटात परत आल्या.

या वेळी डॉक्टरबाईंनी जे सुचवलं ते आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. रिटुक्सिमॅबला किरणोत्सर्गी आयोडीन जोडून शिरेतून द्यायचं.

माझ्या वर्गात एक विनोद दरवर्षी होतो. उर्दूच्या तासाला 'ख़त' म्हणजे पत्र, पुढच्याच मराठीच्या तासाला 'खत' म्हणजे शेणखत. पोरं हसून लोळतात. अम्मीला हे औषध समजावताना मला तेच पत्र आठवलं. बिघडलेल्या बी-पेशींच्या अंगावर सीडी-20 नावाचं एक प्रथिन असतं. समजा, तो त्यांच्या दारावरचा घर नंबर. रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी म्हणजे तो पत्ता लिहिलेलं पाकीट. एरवी ते पाकीट कोरंच जातं आणि नुसतं दाराला चिकटूनही बरंच काम करतं. आता त्याच्या आत आयोडीन-131 ठेवायचं. दारापर्यंत पोहोचलं की त्याचे किरण त्या पेशीला मारतात, आणि मिलिमीटरभर अंतरातल्या शेजारच्या पेशींनाही.

"शेजारच्या म्हणजे चांगल्याही?" अम्मीने विचारलं. अम्मी चौथी शिकलेली. पण सगळ्या आजारपणात सर्वांत नेमका प्रश्न तिनेच विचारला, आणि मी "नाही गं, फक्त वाईट" असं सांगून टाकलं. ते खोटं होतं, हे सहा आठवड्यांनी कळलं.

अम्मीची दुसरी शंका तारापूरची होती. आमच्या जिल्ह्यात अणू म्हटलं की दुसरं काही आठवत नाही; 1969 पासून ते केंद्र तिथे उभं आहे. "तारापूर की बिजली मेरे बच्चे के बदन में डालेंगे क्या?" मी हसले, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. हे आयोडीनही अणुभट्टीतच तयार होतं, फक्त तारापूरला नाही तर ट्रॉम्बेच्या 'ध्रुव'मध्ये, आणि वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेमार्फत इस्पितळांना जातं. बोईसरच्या चाचांनी तर फोनवर ठाम सांगितलं की माणूस अंधारात चमकायला लागेल. कुठल्या तरी नातेवाइकाने तिसरा मुद्दा काढला. ही अँटिबॉडी काही अंशी उंदराची, आणि कारखान्यात ती हॅमस्टरच्या पेशींमध्ये वाढवतात, मग हे हलाल की हराम? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भाईजान स्वतः मौलाना साहेबांकडे गेले. मौलानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जीव वाचवणं फर्ज आहे. वाद नंतर घाला, आधी इलाज करा." भाईजान हसत घरी आले. इतके दिवस ते त्या एका परवानगीसाठी अडून बसले होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

रात्री जागून मी मोबाईलवर वाचत बसायचे. अमेरिकेत या जातीची दोन औषधं बाजारात आली होती. 2002 मध्ये झेवालिन, त्यात यिट्रियम-90. 2003 मध्ये बेक्सार, त्यात आपलं हेच आयोडीन-131. बेक्सारमागे मिशिगन विद्यापीठातल्या कामिन्स्की आणि वाल या डॉक्टरांचं 1990 पासूनचं काम होतं. आणि 2014 च्या फेब्रुवारीत कंपनीने बेक्सार बंद केलं. मला वाटलं लोक दगावले असतील. तसं नव्हतं. औषध चालत होतं, विकलं जात नव्हतं. कॅन्सरचे डॉक्टर हे स्वतःच्या दवाखान्यात देऊ शकत नव्हते, रुग्णाला अणुवैद्यक विभागाकडे पाठवावं लागायचं, आणि बरेच जण पाठवतच नव्हते. अमेरिकेतही 'ते आमच्या टेबलाचं काम नाही' असतं, हे वाचून आपल्या पंचायत समितीची आठवण झाली.

मला धीर दिला तो ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल नावाच्या बंदराच्या गावाने. तिथल्या इस्पितळात डॉ. हार्वी टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागडं तयार औषध न घेता, साध्या रिटुक्सिमॅबला इस्पितळातच आयोडीन-131 जोडायला सुरुवात केली. 2006 मध्ये त्यांनी 91 रुग्णांचा हिशेब छापला. सगळे आजार परतलेले किंवा औषधांना न जुमानणारे. त्यांतल्या 76 टक्के लोकांच्या गाठी कमी झाल्या, निम्म्याहून जास्त जणांच्या तर दिसेनाशा झाल्या. मी तो आकडा वहीत लिहून दोनदा अधोरेखित केला. त्याच मजकुरात पुढे रक्तपेशी कमी होण्याबद्दल लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नाही असं नाही. वाचलं आणि पुढे गेले.

औषध एका दिवसात देत नाहीत. आधी अगदी थोडं किरणोत्सर्गी आयोडीन लावलेली अँटिबॉडी देतात आणि आठवडाभरात तीनदा कॅमेऱ्याखाली झोपवून पाहतात की या माणसाच्या शरीरातून ती किती वेगाने बाहेर पडते. त्यावरून प्रत्येकाचं माप वेगळं निघतं. शिंप्याला हे फार पटलं. "तयार कपडा नाही, मापाचा आहे," भाईजान म्हणाले. खऱ्या डोसच्या आधी कोरं रिटुक्सिमॅब देतात, म्हणजे रक्तात आणि प्लीहेत फिरणाऱ्या साध्या बी-पेशी आधीच अडकून पडतात आणि आयोडीनवालं पाकीट गाठीपर्यंत पोहोचतं.

आणि थेंब. आयोडीनचे तपकिरी थेंब पाण्यातून, डोसच्या आधीपासून ते नंतर दोन आठवडे. चव गंजलेल्या खिळ्यासारखी. आपली थायरॉइड ग्रंथी आयोडीनची हावरी असते, कुठलंही आयोडीन दिसलं की ओढून घेते. तिला आधीच साध्या आयोडीनने गच्च भरून ठेवायचं, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. अणुकेंद्रात अपघात झाला तर आसपासच्या लोकांना आयोडीनच्या गोळ्या द्यायच्या असतात, त्याही याचसाठी. हे सांगितल्यावर बोईसरचे चाचा पहिल्यांदा गप्प झाले.

गंमत अशी की शेजारच्या खोलीत एक बाई थायरॉइडच्या कॅन्सरसाठी आल्या होत्या. त्यांनाही आयोडीन-131, पण नुसतं, गिळायला. त्यांच्यासाठी पत्ता लिहायची गरजच नाही. त्यांना ते थायरॉइडमध्येच जायला हवं होतं. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरपासून, म्हणजे 1963 पासून, आपल्याकडे आयोडीनचे उपचार होत आले आहेत. आमच्यासाठी मात्र सगळंच नवीन होतं.

डोस सोमवारी, 2 एप्रिलला दिला. खोली वेगळी, दाराबाहेर पिवळी खूण, आतल्या संडासाचं पाणी थेट गटारात नाही तर साठवणीच्या टाकीत. आम्ही दाराबाहेरून बोलायचो. भाईजाननी आत गेल्यावर पहिली चौकशी किब्ल्याची केली. सिस्टर हातातलं मीटर घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, पश्चिम पाहिजे ना? आमच्याकडे सगळे हेच विचारतात. पलंगाच्या पायाकडे." मग मीटरकडे बघून म्हणाल्या, "पण आता तिकडेच थांबा हं, माझ्याकडे येऊ नका." दोन्ही वाक्यं एकाच मायेच्या आवाजात. त्या रात्री ताप आला, हुडहुडी भरली, सकाळपर्यंत उतरली. एवढंच. आम्ही म्हटलं, अल्हम्दुलिल्लाह, सुटलो.

आता घरची गोष्ट. भाईजानचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. त्यांची मोठी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना. तिला माझ्याकडे वसईला आणलं. लोकलने परतणं शक्यच नव्हतं. विरार फास्टमध्ये माणूस माणसाला चिकटून उभा असतो. टॅक्सी केली, भाईजान मागे एकटे, माझा मुलगा पुढे. घरी त्यांना आतली खोली दिली. त्यांचं ताट, पेला आणि हिरव्या काठाची चिनी मातीची एक वाटी वेगळी काढली. आमच्याकडे थाळ मध्ये ठेवून सगळे एकत्र जेवतात. भाईजान आत एकटे जेवायला लागले. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभं राहायचं नाही म्हणून दोन जुमे घरीच झाले. गल्लीत बातमी पसरली. एक शेजारीण दोरीवर वाळणारे स्वतःचे कपडे काढून घेऊन गेली.

माझी मुलगी तेव्हा सायन्सला, नुकतीच अकरावीची परीक्षा दिलेली. तिने कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडून दिला. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं. आठ दिवसांनी अर्धं, सोळाला पाव, चोवीसला दोन आणे. शिवाय लघवीतून जातं ते वेगळं, म्हणजे खरं तर याहून लवकर. "अम्मी, ऐंशी दिवसांनी हजारावा भागही नाही उरत," ती म्हणाली. तो कागद मी दुकानात चिकटवला. लोकांसाठी.

पहिले चार आठवडे आम्ही रक्ताची तपासणी नेमाने केली. तिसऱ्या आठवड्यात प्लेटलेट्स एक लाख सत्तर हजार. चौथ्यात एक लाख बत्तीस. कमी होत होत्या, पण मोठाच आकडा वाटला. दीड लाखाच्या जवळपास म्हणजे ठीकच. मग शाळेचे निकाल आले. शब-ए-बरात झाली आणि दुकानात ईदच्या ऑर्डरी सुरू झाल्या. 6 मेला भाचीला मुलगा झाला. पाचव्या आठवड्याची तपासणी कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

13 मे, रविवार. बाळाच्या झबल्याचं कापड घेऊन मी दुकानात गेले. भाईजान पांढऱ्या पठाणीला हाताने तुरपाई घालत होते. अंगुस्तान बोटात होतं, तरी सुई कुठे तरी लागते, चाळीस वर्षं लागतच आली आहे. त्यांनी बोट तोंडात घातलं, काढलं, फडक्याला पुसलं, पुन्हा तोंडात घातलं. मी बोलत होते, ते ऐकत होते आणि बोट थांबत नव्हतं. तेव्हा माझं लक्ष टेबलाखालच्या बोचक्याकडे गेलं. तीन-चार पांढरे कुर्ते बाजूला टाकलेले, प्रत्येकावर लहान तांबूस ठिपके. "धुतले की जातील," ते म्हणाले. मी पायजमा वर करायला सांगितला. नडगीवर काळेनिळे डाग, कुठेही न आपटता. मिस्वाक करताना आठवडाभर हिरड्यांतून रक्त येत होतं. अंग दुखतं म्हणून गुरुवारी ते जवळच्या एका दवाखान्यात जाऊन आले होते. तिथे 'गर्मी आहे' म्हणून कमरेत इंजेक्शन ठोकलं होतं. त्या जागी तळहाताएवढं काळं झालेलं.

"सांगितलं का नाही?"

"ईदचा माल आहे. आणि तुम्ही सगळे इतके घाबरलेले होतात, आता कुठे हसायला लागलात."

संध्याकाळी आकडा आला. चौदा हजार. पांढऱ्या पेशीही उतरलेल्या. नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं ते साधं होतं. अँटिबॉडी शरीरभर फिरते तेव्हा हाडांच्या आतल्या मगजातूनही फिरते, तिथे थोडे किरण लागतातच. पण रक्तात आधी तयार होऊन फिरणाऱ्या पेशी आपलं आयुष्य जगून जातात, नवीन कमी बनताहेत हे लगेच कळत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात सगळं छान दिसतं आणि चौथ्या ते सातव्या आठवड्यात तळ गाठतो. अम्मीने विचारलेल्या 'शेजारच्या चांगल्या' पेशी त्या हाडांतल्या होत्या. "कागदावर लिहिलेलं होतं ना?" बाईंनी विचारलं. रागाने नाही. मी फाईल उघडली, पिवळा कागद काढला आणि उलटला.

त्या रात्री वर्सोव्याच्या खाडीपुलावर आम्ही दीड तास अडकून होतो. भाईजान मागच्या सीटवर, नाकाला रुमाल. मी यासीन पढत होते आणि मधेच थांबून रुमाल बघत होते. डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, एवढं मला कळत होतं. त्यांना ते कळू नये म्हणून मी बाळाच्या नावाची यादी काढली. इस्पितळात प्लेटलेट्स देणारे लागले. दुकानातला एक पोरगा चालला, दुसऱ्याची शीर बारीक निघाली. वसईच्या माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीचा मुलगा सकाळी सहाला येऊन दीड तास मशीनला हात देऊन पडून राहिला आणि तिथून थेट कामावर गेला. पाच दिवसांनी आकडा वाढायला लागला. पहिला रोजा 17 मेला झाला, भाईजान इस्पितळातच होते. ईदचे कपडे पोरांनी रात्री जागून पुरे केले; डागाचे कुर्ते भाभींनी थंड पाण्यात मीठ घालून धुतले.

इथपर्यंतची चूक मी लोकांना सांगते. दुसरी सांगत नाही, ती इथे लिहिते.

ईद 16 जूनला होती. डोसला पंचाहत्तर दिवस झाले होते. मुलीचा हिशेब मला पाठ होता. पाचशेवा भागही उरला नव्हता आणि तोही कधीच वाहून गेला होता. भाईजान नमाज पढून आले, सगळ्यांच्या गळ्यात पडले. मी शीरखुर्मा वाढत होते. सगळ्यांना काचेच्या वाट्या. त्यांच्यासाठी माझा हात फळीवर गेला आणि हिरव्या काठाची वाटी काढून आला. माझी बहीण मांडीवर बाळ घेऊन बसली होती, कदाचित म्हणून. कदाचित नुसती सवय म्हणून. भाईजाननी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. शीरखुर्मा पूर्ण प्यायले, छान झालाय म्हणाले. मग उठून मोरीत गेले, वाटी स्वतः धुतली आणि बाकीच्या वाट्यांपासून लांब, खिडकीत पालथी ठेवली.

त्यांनी बाळाला घ्यायला हात पुढे केला नाही. मी उठून बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, पण आधी त्यांनी हात मागे घेतला होता, ते मी पाहिलं होतं.

10 जुलैला नालासोपारा पाण्यात बुडालं, गाड्या बंद पडल्या, दुकानात गुडघाभर पाणी. तोपर्यंत प्लेटलेट्स एक लाखावर गेल्या होत्या. तोच चौदा हजारांचा आकडा त्या दिवशी आला असता तर, हा विचार मला अजूनही पावसाळ्यात येतो. कागदाची मागची बाजू मी तेव्हापासून झेरॉक्स करून फ्रिजवर लावली. ऑक्टोबरमध्ये थायरॉइड तपासला. थेंब घेऊनही ग्रंथीला झळ लागली होती. तसं काही जणांना होतं. गोळी सुरू झाली, ती आता कायमची. गाठी डिसेंबरच्या स्कॅनमध्ये दिसल्या नाहीत, आजवर दिसलेल्या नाहीत. वर्षातून एकदा रक्त तपासतो, कारण थोड्या रुग्णांमध्ये पुढे कित्येक वर्षांनी मगजच बिघडतो. त्या दिवशी रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

आता लोक मला विचारतात, तुमच्या भाऊला दिलं ते कुठे मिळतं? आपल्याकडे ते फार थोड्या ठिकाणी होतं. दरम्यान नवी औषधं आली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली सीएआर-टी पेशींची उपचारपद्धती 2023 मध्ये मंजूर झाली. तुमच्या डॉक्टरांना विचारा, एवढंच मी सांगते. आणि विचारते की सुट्टीचा कागद दोन्ही बाजूंनी वाचलात का. ताप आला, हिरड्यांतून रक्त आलं, तर दुखण्याची गोळी परस्पर घेऊ नका, कमरेत इंजेक्शन घेऊ नका, आधी रक्त तपासा.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. म्हणून रमजानमध्ये भाईजान सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी उठतात, गोळी घेतात, अंधारात बसून राहतात आणि वेळ झाली की भाभींना हाक मारतात. मागच्या रमजानमध्ये मी दोन दिवस तिकडे राहायला होते. फळीवर हिरव्या काठाची वाटी दिसली नाही. भाभींना विचारलं तर म्हणाल्या, "ती? त्यात दही लावते मी. छान घट्ट लागतं."